पाइपावरच्या पाच बांध्या

राजनांदगाव कॅम्प,
१७ एप्रिल २०२४

प्रिय मामा,
सप्रेम जय भीम.

जयंतीला आसगावला यायचं ठरलं होतं आणि मी आले नाही. त्याबद्दलचा राग मामीने फोनवर भरपूर काढला आहे, तुम्ही तुमचा पत्रात काढा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही हे मान्य. पण खरं कारण मला ठाऊक आहे. छत्तीस वर्षं गावाला टपाल वाटलं आणि तुमच्या स्वतःच्या नावाचं पत्र काही कधी आलं नाही, म्हणून निवृत्त झाल्यावर भाचीला कामाला लावलंत. लावा, माझी तक्रार नाही.

बातमी चांगली आहे. आसगाव शिवारातलं आमच्या गॅसच्या पाइपलाइनचं काम संपलं. तुमच्या धानाच्या खाचरांखालून, पाचही बांध्यांखालून पाइप गेला, चर बुजवला, जमीन होती तशी करून दिली. आता वर नेहमीसारखा धान घ्यायचा. फक्त पाइपाच्या पट्ट्यात झाड लावायचं नाही, विहीर खोदायची नाही, घर बांधायचं नाही. जमीन तुमचीच राहते. गॅस सुटायला अजून दीडेक वर्ष लागेल.

सुरुवातीला अख्खं गाव विरोधात होतं. तुम्ही घरोघर जाऊन समजावलंत, म्हणून आमची माणसं शिवारात पाय ठेवू शकली. साहेब परवा म्हणाले, तुमच्या मामांसारखा एक माणूस प्रत्येक गावात मिळाला तर लाइन दोन वर्षं आधी होईल. मामा, समुद्राच्या तळातून काढलेला गॅस आपल्या धानाखालून जाणार. त्यावर कारखाने चालतील, तेवढा कोळसा कमी जळेल, युरिया तयार होईल. तुमच्याकडे राहून शिकले, त्याचं काहीतरी झालं असं पहिल्यांदा वाटतंय.

तुमची,
हर्षा


आसगाव, ता. पवनी,
४ मे २०२४

चि. हर्षा,
जय भीम.

पत्र पोचलं. पाकिटावर पिनकोड नव्हता. पोस्टमनच्या घरात वाढलेल्या पोरीने पिनकोड विसरावा! नवा पोस्टमन ते पाकीट माझ्या हातात देताना असा काही हसला की मला दारातून आत पळावं लागलं.

तुझ्या साहेबांना माझा नमस्कार सांग. आमच्या गोमाजीचा त्यांना एक प्रश्नही आहे. तो रोज पारावर विचारतो, “केशवराव, गॅस आपल्या खालून जाते, मंग आपल्या चुलीत काहून येत नाही?” मी त्याला सांगितलं की मोठी रेल्वे लहान स्टेशनावर थांबत नसते. तो म्हणाला, “पर रेल्वे निदान दिसते तरी.” याचं उत्तर तू कळव.

एक शंका आहे. चर बुजवणारी माणसं फार घाईत होती. खालची पिवळी माती वर आली आणि वरची काळी तळाला गेली. मी त्यांना हटकलं. त्यांच्यातला एक म्हणाला, “बाबाजी, मिट्टी तो मिट्टी होती है.” असेलही. पण त्या पट्ट्यावरून चालताना पाय भुसभुशीत जागेत पडल्यासारखा वाटतो. तुझ्या पुस्तकात याचं काही आहे का?

मामी ठीक. धम्मदीप भंडाऱ्याला मोबाईलच्या दुकानात जातो आणि घरी आला की शेतीला नावं ठेवतो. एकुलता मुलगा, ऐकून घेतो.

तुझा मामा,
केशव


राजनांदगाव,
२१ मे २०२४

प्रिय मामा,

पिनकोड लिहिला आहे, ठळक अक्षरात. पोस्टमनला दाखवा.

मातीची काळजी करू नका. भरलेला चर पहिल्या वर्षी भुसभुशीत असतोच. एक पावसाळा गेला की माती आपोआप बसते. आम्ही शेकडो किलोमीटर हेच केलं आहे.

गोमाजीकाकांना सांगा, गॅस त्यांच्याकडे आधीपासून आहे. रोवणीत रोपं लावताना चिखलात पाय रोवला की बुडबुडे येतात ना? पाण्याखाली पेंढा आणि मुळं कुजून तो वायू तयार होतो. आमच्या पाइपात मुख्यतः तोच असतो. फरक एवढाच की आमचा लाखो वर्षं समुद्राखाली दाबून राहिलेला. हा वायू जळला तर कोळशापेक्षा बरा, पण न जळता हवेत सुटला तर हवा तापवायला कोळशाच्या धुराहून जबर. म्हणून आमचं निम्मं काम तो गळू न देण्याचं असतं. गावाच्या चुलीपर्यंत तो कधी येईल हे मला खरंच माहीत नाही. आधी शहरं, मग तालुके, मग कधीतरी गावं. मोठ्या योजनांचा क्रम असाच असतो. मला तो आवडत नाही, पण साहेबांसमोर मी तसं बोलत नाही.

हर्षा


आसगाव,
१९ ऑगस्ट २०२४

चि. हर्षा,
जय भीम.

तुझ्या बुडबुड्यांनी गावात धमाल उडवली. गोमाजी आता म्हणतो की कंपनीने आमच्याच बांधीतला गॅस चोरून समुद्रात नेला आणि तिथून आणल्यासारखा दाखवते.

बाकी सर्व उत्तम आहे. विहारात नवे पंखे बसले. शाळेच्या मास्तरांची बदली झाली. तुझी मामी गुडघ्याला तेल लावते आणि माझ्या नावाने बोटं मोडते. सिहोऱ्याचा तुझा मावसभाऊ अंकुश येऊन गेला, तो आता चांगला जाड झाला आहे. पवनीला नवीन मिठाईचं दुकान निघालं, पण पेढा बरा नाही.

तू कामात असशील. उत्तराची घाई करू नकोस.

तुझा मामा,
केशव


राजनांदगाव,
२७ ऑगस्ट २०२४

मामी,

हे पत्र तुझ्यासाठी आहे, मामांना दाखवू नकोस. त्यांनी मला पवनीच्या पेढ्याची चव कळवली आणि रोवणीचं एक अक्षरही लिहिलं नाही. ऑगस्ट संपत आला. इतक्या वर्षांत असं पत्र मी त्यांच्याकडून पाहिलं नाही. फोन केला की ते तुझ्या बाजूलाच बसलेले असतात आणि तू “सब्बन ठीक हाये” म्हणून मोकळी होतेस. रोवणी झाली का? तुझ्या हाताने लिही, जसं बोलतेस तसंच लिही.

हर्षा


आसगाव
५ सप्टेंबर

हर्षा बाई,

तुह्या मामानं मले आन घातली होती, पर तू विचारलं म्हून लिहून राहिली. रोवणी नाही झाली. वरच्या दोन बांध्या झाल्या, पाइपवाल्या पाच तशाच पडल्या. पाणी थांबतच नाही वो. पाऊस येते, बांधी डबडब भरते, दुसऱ्या दिवशी पाहाव त तळ दिसते. पाऊस कमी नोहता. बाजूच्या लोकाईचे धान छातीले लागले. वाफ्यातले परे आपले पिवळे पडले, मंग म्हशीले टाकले.

लोक म्हणतेत पाइप पाणी पिते. मी म्हणतो पाइप कायले पाणी पिईन, तो त लोखंडाचा हाये. पर पाणी जाते कुठं ते मले बी समजत नाही.

धम्मदीप वीटभट्टीवाल्याले घरी घेऊन आला होता. पाइपचा पट्टा सोडून बाकी बांधीची माती तीन फूट उचलतो म्हणे. तुह्या मामानं हो बी नाही म्हटलं, नाही बी नाही म्हटलं. नुसते चाय पेत बसले. तीन फूट माती गेली म्हंजे बांधी गेली, मंग तिथं गड्डा राहीन. मले रात-दिस तेच दिसते.

आनखी एक. तुह्या सहीचा कागद तुह्या मामापाशी हाये. कोणालेच दाखवत नाही, पेटीत ठेवते.

तुळसा मामी


राजनांदगाव,
१२ सप्टेंबर २०२४

मामा,

मामीवर रागावू नका, मीच तिला गाठलं.

तुमच्या पेटीतल्या कागदाबद्दल मला बोलायचं आहे. मागच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, पाइप टाकण्याआधी, जमिनीची पाहणी झाली. प्रत्येक शेताचा एक तक्ता भरायचा होता. जमीन उताराची, खडकाळ, दलदलीची की समतल, ते लिहायचं आणि खाली सही करायची. साहेब म्हणाले, आसगाव तुझंच आहे, तू भर. दुसऱ्या गावांत मी उन्हातान्हात शेताच्या कडेच्या एकेका धुऱ्यावरून चालले. आसगावात नाही चालले. तुमच्या ओसरीवर बसून, मामीने दिलेलं पन्हं पीत, एका दुपारी सगळे तक्ते भरले. आपलंच गाव, त्यात पाहायचं काय? तुमच्या पाच बांध्यांसमोर मी लिहिलं, समतल.

उताराच्या जमिनीत चर बुजवताना ठरावीक अंतरावर पाइपाभोवती चिकणमातीचे आडवे बांध घालतात, म्हणजे पाणी चरातून वाहत जात नाही. समतल जमिनीत ते घालत नाहीत. आपली एकेक बांधी समतल आहे, पण पहिलीपासून पाचवीपर्यंत प्रत्येक बांधी आधीच्या बांधीहून वीतभर खाली आहे. हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या धुऱ्यांवरून उड्या मारत मी शाळेत गेले. पण एप्रिलमध्ये सगळं कोरडं, भुरकं, गुरं चरत असलेलं होतं, आणि मी डोळे उघडे ठेवून पाहिलंच नाही.

पाइप पाणी पीत नाही, मामा. पिढ्यान्‌पिढ्या चिखल करून बांधीच्या पोटात जो घट्ट थर बसला होता, तो आमच्या चराने उभा चिरला. आता पाणी त्या फटीतून खाली उतरतं आणि पाइपाच्या कडेकडेने, पाचही बांध्यांखालून, थेट नाल्यात जातं. वर तुम्ही मला मे महिन्यात विचारलं तेव्हा मी “माती आपोआप बसते” असं लिहून मोकळी झाले.

मला लाज वाटते. हे मी साहेबांना लेखी देणार आहे. पण आधी तुम्हाला सांगायचं होतं.

हर्षा


आसगाव,
२३ सप्टेंबर २०२४

चि. हर्षा,
जय भीम.

तक्त्याची प्रत ठेकेदाराच्या माणसाने मला जूनमध्ये दिली. मी आयुष्यभर लोकांचे पत्ते वाचले, हातात आलेला कागद वाचल्याशिवाय मला ठेवता येत नाही. तुझी सही ओळखली. जुलैत पाणी थांबेना, तेव्हा काय झालं असेल याचा अंदाज आला.

आता माझी चूक ऐक, ती तुझ्याहून मोठी आहे. पाइपावर बांध्या माझ्या एकट्याच्या नाहीत. माझ्या पाच सोडून आणखी चार घरांच्या आहेत, गोमाजीचीही एक आहे. सगळे मिळून तहसीलदारांकडे अर्ज द्यायला निघाले होते. मी थांबवलं. म्हटलं, थोडा धीर धरा, माती बसेल. तुझंच वाक्य वापरलं. अर्ज गेला असता तर तुझं नाव निघालं असतं. तुझी नोकरी अजून कायम झालेली नाही. भाचीची नोकरी वाचवायला मी चार शेजाऱ्यांचा हंगाम घालवला. बाहेर पाऊस पडत होता आणि मी घरात बसून तुला पवनीचे पेढे लिहीत होतो. तुझं पत्र वाचलं तेव्हा स्वतःचीच कीव आली. पोरगी एका पत्रात कबूल करते आणि मामा तीन महिने तोंड लपवून बसतो.

काल विहारासमोर पाचही घरं बोलावली आणि सगळं सांगितलं. तुझंही आणि माझंही. त्या चार घरांतल्या शकुनबाईने मला जे ऐकवलं ते माझ्या बहिऱ्या कानांनाही नीट ऐकू आलं. गोमाजी उठून गेला, तो आज पारावर अजून आलेला नाही.

सोबत पाचही घरांच्या सह्यांचा अर्ज पाठवतो. तुझ्या कबुलीला जोडून दे. मामाचं घर वाचवायला लिहितेस असं वाटायला नको.

धम्मदीपचं म्हणणं असं: “बाबा, पाणी थांबत नाही त्या बांधीले बांधी कायले म्हणता? माती तरी कामात येईन.” भट्टीवाल्याला दिवाळीनंतर उत्तर द्यायचं आहे.

केशव


राजनांदगाव,
३० नोव्हेंबर २०२४

प्रिय मामा,

उशीर झाला, कारण सांगण्यासारखं काही हाती येईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

कबुली आणि अर्ज दिला. मला लेखी ताकीद मिळाली आणि कायम होण्याची तारीख सहा महिने पुढे गेली. साहेब आठ दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. मग एक दिवस नकाशे घेऊन बसले आणि म्हणाले, “आसगावला असं झालं असेल तर बांधीच्या बाकी गावांत काय झालं?” आम्ही मोजलं. भंडारा जिल्ह्यातल्या अकरा गावांत तक्त्यावर समतल लिहिलेलं आहे. ते सगळे तक्ते मी भरलेले नाहीत, पण शब्द तोच. हंगाम गेला त्याची भरपाई पाचही घरांना मिळेल, हे लेखी झालं आहे. पण दर वर्षी अकरा गावांना भरपाई देत बसण्यापेक्षा चर दुरुस्त करणं कंपनीलाही परवडतं. यावर साहेब आणि मी पहिल्यांदा एका मताचे झालो.

मे महिन्यात, गॅस सुटण्याआधी, चर पुन्हा उघडायचा. पाइपाजवळ हाताने खोदायचं आणि प्रत्येक धुऱ्याखाली चिकणमातीचा आडवा बांध घालायचा. अडचण पुढे आहे. ती माती दाबायची कशाने? जड रोलर पाइपावर चालवता येत नाही, पाइपाच्या वेष्टनाला धक्का लागतो. हलक्या यंत्राने वरचा थर तेवढा दबतो, खालचा भुसभुशीतच राहतो. ठेकेदार म्हणतो, उतारावर वाहतं पाणी अडवलं आहे, साचलेलं धरून ठेवायचं काम आम्ही कधी केलं नाही.

गावच्या तळ्याची, आपल्या बोडीची, मातीची पाळ इतकी वर्षं पाणी धरून आहे. ती बांधली तेव्हा रोलर नव्हता. ती कशी दाबली हे सांगणारं कोणी शिल्लक आहे का? आणि धम्मदीपला सांगा, एक पावसाळा थांब. माझ्यासाठी नाही, मामीसाठी थांब.

हर्षा


आसगाव,
१२ जानेवारी २०२५

चि. हर्षा,
जय भीम.

तुझं पत्र मी पारावर मोठ्याने वाचलं. बोडीचा उल्लेख आला तसा गोमाजी, चार महिन्यांत माझ्याशी पहिल्यांदा, तोंड उघडून म्हणाला, “माह्या बापानं बांधली ते पाळ. मले काहून नाही विचारत?”

मग तो जो सुरू झाला, तो सूर्य मावळेपर्यंत थांबला नाही. त्याच्या वडिलांनी पन्नासेक वर्षांपूर्वी फुटलेली पाळ पुन्हा बांधली, तेव्हा गोमाजी म्हशी हाकत होता. पद्धत अशी. बोडीच्या तळाचा गाळ काढायचा. मुठीएवढा गोळा करून पाण्याच्या घागरीत टाकायचा. सकाळी गोळा जसाच्या तसा सापडला तर तो गाळ घ्यायचा, विरघळला तर टाकून द्यायचा. मग खंदकात वीतभर गाळ पसरायचा, वर पाणी शिंपडायचं आणि म्हशी फिरवायच्या, गोलगोल, खूर रुतायचा थांबेपर्यंत. मग दुसरा थर. “म्हशीचा खूर खालपर्यंत जाते. मानसाचा पाय वरतेच राहते,” असं तो म्हणतो. खंदक अरुंद असेल तिथे म्हशी मावत नाहीत, तिथे माणसांनी हातात हात घालून नाचायचं. त्याने पारावर नाचून दाखवलं. वय बहात्तर.

हे तुझ्या साहेबांना चालेल का? हसतील याची मला खात्री आहे.

धम्मदीपने भट्टीवाल्याला कळवलं आहे, “एक पावसाळा. त्यात पाणी नाही थांबलं त माती तुमची.” मी मान डोलावली. तुझी मामी त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही, पण मला वाटतं पोरगा खरं बोलला. कोरड्या बांधीला धरून बसण्यात माझाही जीव रमत नाही.

केशव


राजनांदगाव,
८ जून २०२५

प्रिय मामा,

काल पोचले. पायांच्या बोटांत अजून गाळ आहे.

साहेब हसले हे खरं. अंदाजपत्रकात यंत्रसामग्रीच्या रकान्यात “म्हशी, चौदा” असं लिहिताना ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग मी त्यांना पुस्तक दाखवलं. चिकणमाती दाबायचा एक रोलर असतो, त्याला चहूबाजूंनी लोखंडी खूर असतात आणि नावही मेंढीच्या खुरावरून पडलं आहे. साहेब म्हणाले, “म्हणजे आम्ही खुरासाठी पैसे देतो आणि यांच्याकडे म्हशीसकट आहे.” त्यानंतर ते हसले नाहीत.

ते नऊ दिवस मी विसरणार नाही. सकाळी सहाला गोमाजीकाका म्हशी घेऊन उभे, ऊन चढलं की काम बंद. शकुनबाई पहिल्या दिवशी माझ्याकडे बघायलाही तयार नव्हत्या. तिसऱ्या दिवशी पाइपालगतच्या अरुंद खंदकात माझ्या हाताला धरून त्याच माती तुडवत होत्या आणि म्हणाल्या, “इंजिनेर बाई, टाच दाब, टाच.” मामीने चौदाही म्हशींना नावं दिली आणि त्यातल्या सर्वात आळशी म्हशीला माझं नाव दिलं. काळी माती पुन्हा वर आली तेव्हा तुम्ही वाकून ती मुठीत घेतलीत.

धम्मदीप रोज दुकानात गेला. एक दिवसही खाली उतरला नाही, पण रोज संध्याकाळी धुऱ्यावर उभा राहून पाहून जायचा. मला खरं सांगायचं तर भीती वाटते. कागदावर सगळं बरोबर आहे, पण कागदावर आधीही सगळं बरोबर होतं. पाऊस पडला की पहिल्या दिवसाचं पाणी कळवू नका. चौथ्या दिवसाचं कळवा.

हर्षा


आसगाव,
१३ जुलै २०२५

चि. हर्षा,
जय भीम.

चौथ्या दिवसाचं कळव म्हणालीस, मी नवव्या दिवसाचं लिहितो आहे. चौथ्या दिवशी लिहायची हिंमत झाली नाही, कारण त्या दिवशी तिसरी बांधी बोटभर उतरली होती.

सुरुवातीपासून सांगतो. पाच तारखेला असा पाऊस झाला की बोडीचा सांडवा वाहिला. पाचही बांध्या भरल्या. मी प्रत्येक बांधीत एकेक काडी रोवली आणि तिच्यावर पाण्याची खूण केली. सहाला खुणा जागेवर. सातला जागेवर. पाऊस उघडला होता, ऊन कडक होतं, तेवढं सुकणारच. तुझी मामी माझ्याआधी जाऊन बघून यायची आणि पाणी उभं असलं की चहा ठेवायची. मी समजायचो.

आठला मात्र तिसऱ्या बांधीची काडी बोटभर उघडी पडली. मी धुऱ्यावर बसून बोटाने पुन्हा मोजलं. गोमाजी आला, त्याने पाहिलं आणि तोही बसला. मला वाटलं, झालं, गेली. धम्मदीप दुकानात जायला कपडे घालून निघाला होता, तो आमच्याकडे पाहत उभा राहिला. मग त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरला. कडेकडेने पायाने चाचपत चालला. तुझ्या चराजवळ काहीच नव्हतं. नाल्याकडच्या धुऱ्याशी थांबला, खांद्यापर्यंत हात घातला आणि एवढा मोठा खेकडा बाहेर काढला. “बाबा, हा पाहा तुमचा पाइप,” म्हणाला. बीळ त्याने स्वतः बुजवलं, गाळाने, टाचेने दाबून. त्या दिवशी दुकानात गेला नाही. खेकड्याचा रस्सा चांगला झाला होता.

तेव्हापासून पाणी खाली गेलं नाही. पाचही बांध्यांत, शेजारच्या चारही घरांकडे, शकुनबाईकडे, सगळीकडे उभं आहे. हर्षा, मी अडुसष्ट वर्षांचा माणूस, काल सकाळी त्या पाण्याकडे पाहून रडलो. कोणी पाहिलं नाही असं मला वाटलं होतं, पण तुझ्या मामीने पाहिलं आणि गावभर केलं.

आज भट्टीवाला आला होता. मी उठणार तेवढ्यात धम्मदीपच बाहेर गेला. मला सगळं ऐकू आलं नाही, पण शेवटचं वाक्य तो माझ्याकडे तोंड करून, मला ऐकू जाईल असं बोलला: “माती नाही देत, भाऊ. तिच्यावर पाणी उभं हाये.”

तुझ्या कंपनीचं एक पत्र आलं आहे. बाकी दहा गावांच्या चरासाठी गोमाजीला आणि त्याच्या म्हशींना पुढच्या उन्हाळ्यात बोलावलं आहे. तो ते पत्र खिशात घालून फिरतो आणि चुलीतल्या गॅसचं आता विचारत नाही. म्हणतो, साहेबांशी प्रत्यक्ष बोलेन.

परे हिरवेगार आहेत. सतरा तारखेपासून रोवणी. अठरा बाया सांगितल्या आहेत, तुझी मामी म्हणते एकोणिसावी हर्षा. धम्मदीपने दुकानातून चार दिवसांची रजा घेतली आहे. तुझी रजा मिळत नसेल तर साहेबांना घेऊन ये, त्यांनाही चिखलात उभं करू.

बांधीत पाणी आहे. ये.

तुझा मामा,
केशव